आई, मी प्यायला बसलो नव्हतो: ब्रिटनमधलं ‘चीअर्स’ कधी, कुठं आणि किती म्हणायचं

शेफिल्डला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. संध्याकाळी बसमधून घरी चाललेलो, आईचा व्हिडिओ कॉल चालू, माझा स्टॉप आला म्हणून उठलो आणि उतरता उतरता ड्रायव्हरला ‘चीअर्स’ म्हणलो. पलीकडं एकदम शांतता. मग आईचा हळू आवाज, ‘कोण कोण आहे रे तिथं?’ म्हणलं कोणी नाही, बसमधून उतरलो. तर म्हणे, ‘मग चीअर्स कुणाला केलंस? आणि आज तर गुरुवार.’

सांगलीत चीअर्सचा अर्थ एकच, त्यामुळं तिचं काही चुकलं नाही. पण त्या फोननंतर तिला समजावून सांगताना माझ्या लक्षात आलं की मलापण हा शब्द नीट कळलेला नव्हता, मी फक्त पुढच्या माणसाची नक्कल मारत होतो. नंतर काही वर्षं इथं काढली, बऱ्याच ठिकाणी चुकीच्या वेळी चीअर्स म्हणून तोंडघशी पडलो, काही ठिकाणी म्हणायला पाहिजे होतं तिथं दगडासारखा उभा राहिलो. आता इकडं शिकायला किंवा कामाला नवीन येणारे सारखं विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी हे डोक्यात बसवा: चीअर्स म्हणजे सुट्टे पैसे

ब्रिटनमध्ये चीअर्सचे रोजच्या वापरात मोटामोटी चार अर्थ आहेत. ग्लासला ग्लास लावताना म्हणतात ते, ते आपल्याला माहितीच आहे. दुसरा म्हणजे थँक्यू, आणि दिवसभरात कानावर पडणारे बहुतेक चीअर्स हेच असतात. तिसरा निरोप, म्हणजे ‘चला, येतो’ यातला. आणि चौथा टोमणा, त्यावर खाली वेगळं लिहिलंय कारण तो ओळखता आला नाही तर माणूस आपल्यावर उखडलाय हेच कळत नाही.

आता थँक्यूवालं चीअर्स आणि खरं थँक्यू यात फरक काय, हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. थँक्यू ही नोट आहे आणि चीअर्स हे सुट्टे पैसे. कुणी दार धरलं, मीठ पुढं सरकवलं, खाली पडलेलं पेन उचलून दिलं, लिफ्टचं बटण दाबलं, एवढ्याएवढ्याशा गोष्टींचे सुट्टे जागच्या जागी देऊन मोकळं व्हायचं. पण कुणी तुमचं सामान तीन मजले वर चढवून दिलं, तुमच्यासाठी रेफरन्स लिहिला, तुम्ही आजारी असताना औषध आणून दिलं, तिथं नुसतं चीअर्स म्हणणं म्हणजे हजाराच्या कामाला दहाचं नाणं हातावर ठेवणं. आणि उलटंपण खरंय, दार धरल्याबद्दल ‘थँक यू सो व्हेरी मच’ असं हात जोडल्यासारखं म्हणलात तर समोरचा गोंधळतो, त्याच्याकडं तेवढे सुट्टे नसतात.

आपल्याला हे जड का जातं तर मराठीत असली चिल्लर आपण वेगळी ठेवतच नाही. आपला मान, आपली विनंती क्रियापदातच शिवलेली असते. ‘जरा पाणी द्या’ म्हणलं की त्या ‘जरा’ आणि ‘द्या’ मध्ये प्लीजपण आलं आणि आदरपण आला. घरातल्या माणसाला किंवा जिवलग मित्राला थँक्यू म्हणलं तर तो वर आपल्यालाच झापतो की परका समजतोस काय. इंग्रजीत तसं नाही, तिथं पंतप्रधानालाही यू आणि कुत्र्यालाही यू, त्यामुळं प्लीज, सॉरी, चीअर्स, टा (थँक्यूचंच छोटं रूप) असे सुटे शब्द बाहेरून पेरावे लागतात. ते नाही पेरले तर तुमच्या मनात कितीही आदर असूदे, ऐकणाऱ्याला तुम्ही हुकूम सोडल्यासारखंच वाटतं. आपली बरीच हुशार पोरं इथं उद्धट म्हणून ओळखली जातात त्यामागं बऱ्याचदा एवढंच असतं.

शब्दाचं मूळपण मजेशीर आहे, थोडक्यात सांगतो. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा अर्थ आधी होता चेहरा, तोंड. (आपल्या ‘चेहरा’ शब्दाशी आवाज जुळतो पण तो फारसीतून आलाय, दोघांचं नातं नाही.) चेहऱ्यावरून तो चेहऱ्यावरच्या भावाला लागला, मग चांगल्या मूडला, मग उत्साह वाढवणाऱ्या आरोळीला. प्यायच्या वेळी म्हणायचा चीअर्स साधारण पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा, आणि थँक्यूच्या अर्थानं तो छापील इंग्रजीत दिसायला लागला १९७० च्या दशकात. म्हणजे हा वापर तसा तरुणच आहे आणि म्हणूनच काही जुन्या वळणाच्या म्हाताऱ्या लोकांना तो अजून जरा अघळपघळ वाटतो.

उच्चार: ‘चीअर्स’ असं स्पष्ट म्हणू नका

आपण लिहितो चीअर्स, र सकट स सकट. इंग्लंडच्या बहुतेक भागात तो र ऐकूच येत नाही आणि शेवटी स नसून झ असतो, झेंड्यातला नव्हे, झेब्र्यातला. म्हणजे ‘चिअझ’ च्या जवळपास, एका झटक्यात. स्कॉटलंडमध्ये मात्र र चांगला वाजतो, तिथं आपला उच्चार जास्त खपून जातो.

उच्चारापेक्षा सूर महत्त्वाचा. नेहमीचा चीअर्स हलका असतो, चालता चालता टाकलेला. सूर खाली पाडून, थांबून, डोळ्यात बघून एकच शब्द म्हणलात तर तो टोमणा होतो. आणि फार उत्साहानं ओरडलात तर आजूबाजूचे लोक तुमच्या हातात ग्लास शोधतात. मी आरशासमोर प्रॅक्टिस केलीय, हसू नका.

सुरुवात बसपासून करा

पहिला आठवडा काही बोलू नका, नुसतं ऐका. आणि ऐकायला बससारखी जागा नाही. लंडनमध्ये असाल तर तिथं पुढच्या दारानं चढायचं आणि मधल्या दारानं उतरायचं, ड्रायव्हर कुठल्या कुठं लांब असतो, त्यामुळं उतरताना कोणी फारसं बोलत नाही. पण लंडनच्या बाहेर बऱ्याच शहरांतल्या बसला एकच दार असतं आणि उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरच्या हाताशेजारून जातो. शाळकरी पोरं, कानात हेडफोन घातलेली मुलगी, काठी टेकत जाणारे आजोबा, सगळे काहीतरी बोलून उतरतात. कुणी थँक्यू, कुणी टा, कुणी चीअर्स. तुम्ही दहाव्या नंबरवर आहात, पुढच्या नऊ जणांचं ऐका आणि तेच म्हणा. चुकायची भीती नाही, ड्रायव्हर मार्क देत नाही.

ब्रिस्टलवाल्यांनी तर याचा झेंडाच केलाय. तिथं उतरताना ‘चीअर्स, ड्राइव्ह’ म्हणायचं, ड्रायव्हरचं लाडकं ड्राइव्ह. हे वाक्य कॉफीच्या मगांवर आणि टीशर्टवर छापून विकतात आणि शहरात एका नवीन रस्त्याचं नावच ‘चीअर्स ड्राइव्ह’ ठेवलंय, कारण इंग्रजीत छोट्या रस्त्यालापण ड्राइव्ह म्हणतात. असला विनोद नगरपालिकेच्या पाटीवर बघून मला आपल्या पुण्याच्या पाट्यांची आठवण आली, फक्त इथं कोणाचा अपमान नव्हता.

बस जमली की दार घ्या. इथं पुढचा माणूस मागच्यासाठी दार धरून उभा राहतो, बऱ्याचदा तुम्ही चांगले दहा पावलं लांब असताना. मग तुम्हाला थोडं पळत गेल्याचं नाटक करावं लागतं, खरं पळायचं नाही, नुसतं पळतोय असं दाखवायचं, आणि दाराशी पोचताना ‘चीअर्स’. न बोलता आत शिरलात तर मागून कधीकधी एक कुजकट ‘थँक्यू’ ऐकू येतं, ते तुमच्या वतीनं त्यानंच म्हणलेलं असतं. गाडी चालवत असाल तर अरुंद रस्त्यावर समोरचा थांबून वाट देतो तेव्हा स्टिअरिंगवरून हात वर करायचा, काच बंद असली तरी ओठ चीअर्स म्हणत असतात.

दुकान, आणि ‘ऑलराइट’ चा घोळ

दुकानात काउंटरवर एका मिनिटात दोनतीनदा चीअर्स येतं. तुम्ही वस्तू ठेवली, तो बिल करतो, कार्डचं मशीन पुढं करतो: चीअर्स. पावती देतो: चीअर्स. तुम्ही निघता: ‘चीअर्स, बाय.’ आणि गंमत म्हणजे तोपण म्हणतो, गिऱ्हाईक पैसे देतं तेव्हा दुकानदार चीअर्स म्हणतो. मी सुरुवातीला विचार करायचो की नक्की कोण कुणाचे आभार मानतंय, आता विचार सोडून दिलाय.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, मागताना चीअर्स चालत नाही. ‘कॉफी, चीअर्स’ असं म्हणून ऑर्डर द्यायची नाही, मागायला प्लीजच लागतं. चीअर्स मिळाल्यावर, किंवा कुणी देऊ केलेलं तुम्ही घेताय तेव्हा. म्हणजे सहकाऱ्यानं विचारलं ‘चहा?’ तर ‘ओह, चीअर्स’ म्हणजे हो, दे. तसंच कुणी म्हणलं जॅकेट छान आहे तर ‘चीअर्स, सेलमधलंय’. हो, तेपण आपल्यासारखंच लगेच किंमत कमी करून सांगतात.

आता सगळ्यात मोठा खड्डा. तोच सहकारी ‘चहा?’ विचारतो आणि उत्तर येतं ‘आय्म ऑलराइट, चीअर्स’. हे हो आहे की नाही?

नाही. साफ नाही. ‘मी ठीक आहे, विचारल्याबद्दल बरं वाटलं, पण नको.’ दुकानात पिशवी हवी का विचारतात तेव्हाही हेच म्हणायचं. (पिशवी फुकट नसते बरं का, इंग्लंडमध्ये २०१५ पासून मोठ्या दुकानांत एकदा वापरायच्या प्लास्टिक पिशवीला पैसे लागतात, आधी ५ पेन्स होते, २०२१ पासून किमान १० पेन्स आणि सगळ्याच दुकानांत. म्हणून ‘आय्म ऑलराइट, चीअर्स’ हे वाक्य पाठ असलेलं बरं, बॅगेत घडी घातलेली पिशवी पण.)

यात दोन्ही बाजूंनी मराठी माणूस मरतो. पहिली बाजू: मी घरी आलेल्या इंग्रज मित्राला पोहे वाढत होतो, तो म्हणाला ‘आय्म गुड, चीअर्स’, मी वाढलं. परत म्हणाला, मी परत वाढलं. आपल्याकडं पहिलं नको हे नको नसतंच ना, आग्रह करायचा असतो. बिचाऱ्यानं तीन डिश खाल्ल्या आणि नंतर मला दुसऱ्याकडून कळलं की त्याला वाटलं न खाल्लेलं चालत नसावं. दुसरी बाजू: मी ऑफिसात नवीन असताना कुणी चहा विचारला की संस्कारानं पहिल्यांदा नको म्हणायचो आणि दुसऱ्यांदा विचारतील म्हणून थांबायचो. दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. पहिल्या आठवड्यात मला ऑफिसचा एक कप चहा मिळाला नाही. हवं असेल तर पहिल्या फटक्यात ‘गो ऑन देन, चीअर्स’ म्हणायचं, त्यात थोडा संकोचपण येतो आणि चहापण.

मेट, पल, डक, लव्ह: शेपूट कुठलं लावायचं

चीअर्स एकटा फिरत नाही, मागं शेपूट असतं. सगळ्यात कॉमन ‘चीअर्स, मेट’. मेट म्हणजे आपल्याकडं कोल्हापुरात अनोळखी माणसालाही भावा म्हणतात तसं. त्याचा अर्थ तुम्ही मित्र झालात असा नाही, नुसती वरची धार काढलेली. पुरुष पुरुषाला सर्रास म्हणतात, बायकापण म्हणतात, पण वयस्कर बाईंना किंवा तुमच्या प्रोफेसरना नवीन माणसानं मेट म्हणू नये. आणि अजून एक, सूर कडक करून मेट म्हणलं की ते भांडणाआधीचं ‘ए मित्रा’ होतं, तेपण आपल्याला ओळखीचंच आहे.

बाकी शेपटं गावोगावची. ग्लासगोत पल, म्हणजे दोस्त. नॉटिंगहॅम, डर्बी, स्टोक या पट्ट्यात डक, म्हणजे बदक, पुरुषालापण आणि बाईलापण. न्यूकॅसलकडं पेट, म्हणजे पाळीव प्राणी. ब्रिस्टल आणि नैऋत्येकडं ‘माय लव्हर’, हे पहिल्यांदा भाजीवाल्या आजींच्या तोंडून ऐकल्यावर मी दोन पावलं मागं सरकलो होतो. आणि शेफिल्ड ज्यात येतं त्या आमच्या यॉर्कशरात लव्ह, इथं दांडगे पुरुष एकमेकांना लव्ह म्हणतात, कंडक्टर, प्लंबर, कोणीही. नियम सोपा ठेवा: ही शेपटं घ्यायची, परत द्यायची नाहीत. बाहेरून आलेल्या पुरुषानं दुकानातल्या मुलीला ‘चीअर्स, लव्ह’ म्हणणं लगेच खटकतं, तिनं म्हणलं तर ती तिथली भाषा आहे. तुमच्यासाठी मेट पुरे, तेही नको वाटलं तर नुसतं चीअर्स.

आणि समोरचा तुम्हाला चीअर्स म्हणाला तर काय म्हणायचं? शाळेत शिकवलेलं ‘यू आर वेलकम’ चुकीचं नाही पण सुट्ट्या पैशाची पावती फाडल्यासारखं वाटतं. ‘नो वरीज’, ‘नो प्रॉब्लेम’, किंवा ‘यू आर ऑलराइट’. नुसती मान हलवली तरी चालतं. बऱ्याचदा काहीच म्हणायची गरज नसते, तो तोपर्यंत निघून गेलेला असतो.

पब: इथं एकाच मिनिटात दोन वेगळे चीअर्स

पबमध्ये टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, बहुतेक पबमध्ये बारवर जाऊन स्वतः आणायचं असतं. ग्रुप असेल तर राउंड चालतो, म्हणजे एक जण सगळ्यांसाठी आणतो, पुढच्या वेळी दुसरा. तर पहिला मित्र सगळे ग्लास हातात सांभाळत येतो, प्रत्येकासमोर ठेवतो, तुम्ही म्हणता चीअर्स. हा झाला थँक्यूवाला. मग तो बसतो, सगळे ग्लास उचलतात, परत चीअर्स. हा झाला ग्लासवाला. मी पहिल्या वेळी पहिल्याच चीअर्सला ग्लास उचलून घोट मारून बसलो, बाकीचे अजून कोट काढत होते. पहिल्याला ग्लास टेबलावरच ठेवायचा, दुसऱ्याला सगळ्यांबरोबर उचलायचा, ग्लास लावताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, लांबच्याला नुसता उंचावून दाखवला तरी झालं.

पीत नसाल तर अजिबात लाजू नका. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, तेवढी बिअर प्यायलाच पाहिजे असा कायदा नाही, लाइम अँड सोडा घ्या, कोक घ्या, त्याच ग्लासनं चीअर्स करा. कोणी विचारत नाही आणि विचारलंच तर ‘आज नको’ एवढं पुरतं. पण राउंडमधून पळ काढू नका. चार जणांचं पिऊन, म्हणजे कोक पिऊन का असेना, आपली पाळी आल्यावर बाथरूमला गेलेला माणूस कितीही गोड चीअर्स म्हणत असला तरी त्याचं नाव खराब होतं. राउंड झेपत नसेल तर सुरुवातीलाच सांगायचं की मी माझं माझं घेतो, ते सगळ्यांना चालतं.

बारमागच्या माणसालाही ड्रिंक हातात आल्यावर चीअर्स. आणि स्कॉटलंडला गेलात तर ग्लास उचलताना ‘स्लांजा’ ऐकू येईल, वेल्समध्ये ‘येखिद दा’, दोन्हींचा अर्थ तब्येतीला. तिथं तुम्ही त्यांचा शब्द म्हणायचा प्रयत्न केलात की चुकला तरी लोक खूश होतात. चीअर्स तर दोन्हीकडं चालतंच.

निरोप आणि फोन

फोन ठेवताना इंग्रज माणूस एका शब्दात ठेवतच नाही. ‘राइट, ओके, चीअर्स, थँक्स, बाय, बाय बाय.’ पहिल्यांदा वाटलं याचं नेटवर्क अडकलंय. पण आपण तरी काय करतो, ‘बरं मग, चला, ठेवू का, हां, चला, ठेवतो’. त्यांच्या चीअर्सची जागा आपल्या ‘चला’ ची आहे. चला म्हणजे कुणी कुठं चालायला लागत नाही, तसं निरोपाच्या चीअर्समध्ये आभार असतीलच असं नाही. ही जुळणी कळल्यावर माझं काम सोपं झालं: जिथं मराठीत तोंडात ‘चला’ येतं तिथं चीअर्स टाकायचं. ‘चीअरिओ’ नावाचा त्याचा थोरला भाऊ आहे, तो आता आजोबा लोकांकडंच ऐकू येतो, तुम्ही म्हणलात तर जुन्या सिनेमातून आल्यासारखे वाटाल.

मेल आणि चॅट

ऑफिसच्या चॅटवर कुणी फाइल पाठवली, लिंक दिली, तर नुसतं ‘चीअर्स’ टाइप करणं एकदम बरोबर. मेलच्या शेवटी ‘चीअर्स’ आणि खाली नाव, हे ओळखीच्या सहकाऱ्याला चालतं. पुण्याच्या आयटीवाल्यांना हे ऑनसाइटच्या लोकांमुळं माहिती असतं आणि मग ते सगळ्यांनाच लावत सुटतात, अगदी एचआरलापण.

मी अशी पद्धत ठेवलीय की पहिली मेल नेहमी ‘काइंड रिगार्ड्स’ नं संपवायची. समोरच्यानं उत्तरात चीअर्स लिहिलं तर पुढच्या मेलपासून मीपण. त्यानं ‘बेस्ट विशेस’ वर ठेवलं तर तिथंच थांबायचं. आणि काम सांगून खाली ‘चीअर्स इन अ‍ॅडव्हान्स’ लिहू नका, काम करायच्या आधीच सुट्टे हातात कोंबल्यासारखं दिसतं, नाही म्हणायची जागाच ठेवत नाही.

नोकरीचा अर्ज, व्हिसाच्या कामाचं पत्र, घरमालकाला केलेली लेखी तक्रार, बँक, कोर्ट, यात चीअर्स नको. शोकसंदेशात तर चुकूनसुद्धा नको. माझ्या ओळखीच्या एकानं सहकाऱ्याचे वडील गेल्यावर चार ओळी अगदी मनापासून लिहिल्या आणि खाली सवयीनं चीअर्स नि नाव, सिग्नेचरच तशी सेट करून ठेवली होती. तो अजूनही ती आठवण निघाली की कपाळावर हात मारतो. सिग्नेचरमध्ये चीअर्स सेट करू नका, एवढं तरी ऐका.

समोरासमोरही थोडं बघून. डॉक्टरनं तपासून औषध लिहून दिलं, निघताना ‘थँक्यू, डॉक्टर’ बरं. जजसमोर, इमिग्रेशनच्या काउंटरवर, इंटरव्ह्यूत थँक्यूवरच रहा. अभिनंदनालापण चीअर्स नाही, मित्र परीक्षेत पास झाला आणि तुम्ही हातात ग्लास नसताना म्हणलात ‘चीअर्स!’ तर तो म्हणेल ‘कशाबद्दल?’

टोमणा ओळखा

आता तो चौथा. तुम्ही डब्यातलं शेवटचं बिस्किट खाल्लंत, रिकामा डबा बघून फ्लॅटमेट म्हणतो, ‘ओह. चीअर्स.’ हा आभार नव्हे. ‘चीअर्स फॉर दॅट’ म्हणजे ‘बरं केलंस हो’. मिटींगमध्ये तुम्ही सगळ्यांसमोर त्याची चूक दाखवली आणि तो हसून ‘चीअर्स, मेट’ म्हणाला तर संध्याकाळी जाऊन सॉरी म्हणा. खूण साधी आहे: चीअर्स आलं पण तुम्ही त्याच्या भल्याचं काही केलेलं नाही, मग ते तिरकसच. मराठी माणसाला हे खरं तर पटकन जमायला पाहिजे, ‘वा, छान, उपकार झाले’ हे आपण याच सुरात म्हणतो. पण परक्या भाषेत आपण शब्दच धरून बसतो, सूर ऐकतच नाही. मी एकदा असल्या चीअर्सला दात काढून ‘नो वरीज’ म्हणालो होतो, तो फ्लॅटमेट दोन दिवस बोलला नाही.

अमेरिकेत भाऊ-बहीण असेल तर त्यांना हे सगळं शिकवू नका, तिकडं चीअर्स अजून मुख्यतः ग्लासचंच आहे, दुकानात म्हणलात तर कळेल त्यांना पण तुम्ही मुद्दाम ब्रिटिश झोकात बोलताय असं वाटेल. ऑस्ट्रेलियात मात्र ब्रिटनसारखंच चालतं.

आई-बाबा येणार असतील तर

व्हिजिटर व्हिसावर पालक सहा महिन्यांपर्यंत राहायला येतात, त्यांना काय शिकवायचं असं बरेच जण विचारतात. काही नाही. ‘थँक्यू’ सगळीकडं चालतं, कधीच चुकत नाही. फक्त समोरचा चीअर्स म्हणाला तर तो दारूबद्दल बोलत नाहीये एवढं सांगून ठेवा, आणि तुम्ही राहता त्या गावची शेपटं कुठली तेपण.

मी ते दुसरं सांगायला विसरलो. माझी आई आली, पहिल्याच दिवशी बसमधून उतरताना ड्रायव्हरला छान मान हलवून म्हणाली ‘थँक्यू हां’, आणि तो पन्नाशीचा दाढीवाला माणूस म्हणाला, ‘चीअर्स, लव्ह.’ फुटपाथवर उतरून ती जागेवरच थांबली. ‘काय म्हणाला तो मला?’ मी यॉर्कशर वगैरे सगळं समजावलं, तिला काही पटलं नाही, घरी जाईपर्यंत गप्प. दुसऱ्या दिवशी परत तोच ड्रायव्हर निघाला, तिनं मुद्दाम बाबांना पुढं उतरवलं आणि मागून कान देऊन ऐकत राहिली. तो बाबांनापण लव्ह म्हणाला, तेव्हा कुठं तिचं समाधान झालं.